थंड झाकणावर बसण्याबाबत

प्रति,
मा. सहायक अभियंता,
विभाग कार्यालय, परळ, मुंबई.

विषय : प्रगती चाळीच्या अंगणातील एका झाकणावर रबर न चढविणेबाबत.
संदर्भ : शेजारील संकुलाची 'अनधिकृत थंडावा घेणे' ही नोटीस, दि. २ मे २०२५.

महोदय,

१. अर्जदार दत्ताराम तांबे (वय ७१, निवृत्त गिरणी कामगार) सविनय कळवितो की, जुन्या गिरणीच्या जागेवरील टॉवरांना खोल्या गार ठेवण्यासाठी एकाच केंद्रातून पाइपाने गार पाणी जाते. घरोघरी वेगळा एसी लागत नाही, वीज वाचते. असल्या उन्हाळ्यात शहराला ही योजना हवीच. तिच्याविषयी अर्जदाराची तक्रार नाही.

२. पाइप चाळीच्या अंगणाखालून न्यायचा होता, तेव्हा ना-हरकतीच्या बेचाळीस सह्या अर्जदारानेच दारोदार फिरून घेतल्या. गार पाणी आपल्या अंगणातून जाणार, म्हणजे गारवा आपल्यालाही मिळणार, असे त्याने छातीठोक सांगितले. कागदात तसे काही नव्हते. कागद त्याने वाचलाच नव्हता, याची त्याला लाज वाटते.

३. केंद्राची गरम, दमट हवा आता थेट चाळीच्या गॅलरीत येते. वाळत घातलेल्या मिरच्यांना बुरशी धरते. दुपारी गॅलरीत पडणारी म्हातारी माणसे खोलीत गेली, तर तिथे पत्रा तापलेला. अर्जदाराच्या पत्नी राधाबाई हृदयविकाराने आजारी आहेत. एप्रिलात त्या दोनदा चक्कर येऊन पडल्या. शुद्धीवर येताच म्हणाल्या, "अवो, सह्या तुमीच घेतल्यात ना?" तेव्हापासून अर्जदाराला घास गोड लागत नाही.

४. अंगणात पिंपळाखाली पाइपच्या चेंबरचे लोखंडी झाकण आहे. ते गार लागते. राधाबाई दुपारी त्यावर चटई टाकून बसू लागल्या आणि चक्कर थांबली. मग शेजारच्या आनंदीबाई आल्या, मग माठ आले. आता पाळ्या लावल्या आहेत. गिरणी गेली, पाळी काही सुटली नाही.

५. यामुळे थंडावा चोरीस जातो, सबब सोमवारी झाकणावर रबर चढविणार, असे नोटीस म्हणते. चोराच्या उलट्या बोंबा! आमच्या गॅलरीत सोडलेली उष्णता कोणत्या कलमाखाली परत करावी, तेही कृपया कळवावे.

६. मागणी दोन फूट बाय दोन फुटांची आहे. ते झाकण आहे तसे राहू द्यावे. सोमवारी माणसे येतील तेव्हा त्यावर राधाबाई बसलेल्या असतील, याची नोंद घ्यावी.

आपला नम्र आणि ओशाळलेला,
दत्ताराम तांबे
दि. ३ मे २०२५

सोबत : त्याच बेचाळीस घरांच्या सह्या. या खेपेस प्रत्येकाने कागद आधी वाचला आहे.