रोक्काव्हेर्नाचा पूल आणि दोन मिलिमीटर

फ्लॉरेन्स, १४ नोव्हेंबर १९४४

तीर्थरूप ऑगस्टसमामांस,

हेस्टरचा नमस्कार. तुमच्या पायाच्या अंगठ्याचं दुखणं उतरलं का? विमानांच्या आवाजाने मामींच्या कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं होतं, त्यांनी पुन्हा मनावर घेतलं का? मी ठीक आहे. (हे पत्र रजेवर निघालेल्या एका नर्सच्या हाती देते आहे, त्यामुळे या वेळी त्याला सेन्सॉरच्या कात्रीची भोकं नसतील.)

दोन डिसेंबरला माझी चौकशी आहे. दोष माझा ठरला तर मला नकाशाखात्यातून काढून बटाटे सोलायला धाडतील. काय झालं ते क्रमाने लिहिते.

दोन सैन्यं शेजारी शेजारी पुढे सरकत असली की त्यांच्यामध्ये नकाशावर एक रेघ ओढतात. डावीकडचं अमेरिकनांचं, उजवीकडचं आपलं. (जर्मन कुठे आहेत हे त्या रेघेवरून कळत नाही, ते विचारायला फारसं कोणी येतही नाही.) आपल्या बाजूला जनरल थॉर्नीक्रॉफ्ट, त्यांच्या बाजूला जनरल हॉलिस्टर, आणि दोघांनाही रोक्काव्हेर्ना नावाचं डोंगरावरचं गाव दुसऱ्याच्या आधी घ्यायचं होतं. हॉलिस्टरसाहेबांबरोबर पाच छायाचित्रकार फिरतात. थॉर्नीक्रॉफ्टसाहेबांना प्रसिद्धीचा तिटकारा आहे, असं ते रोज वार्ताहरांना बोलावून सांगतात. बैठकीत त्यांनीच जाड तेलकट पेन्सिलीने रेघ ओढली. जाडी दोन मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर दोनशे मीटर. त्या दोनशे मीटरांत गावाकडे जाणारा एकुलता एक रस्ता आणि त्यावरचा जर्मनांनी उडवलेला पूल, दोन्ही गडप झाले. रस्ता आमचा, असं दोघांनीही त्याच संध्याकाळी कळवलं. पूल मात्र पुन्हा बांधायचा होता, म्हणून तो दोघांच्याही मते दुसऱ्याचा. सहा दिवस यावर अत्यंत सभ्य पत्रव्यवहार चालला. होड्यांतून पुढे गेलेल्या तुकड्यांचे जखमी तोवर नदीपलीकडे पडून, आणि अलीकडे रुग्णवाहिकांची रांग.

सातव्या दिवशी मी दोन्ही सैन्यांसाठी नकाशाच्या नव्या प्रती काढल्या. इथे पाऊस थांबत नाही, आणि ट्रेसिंगचा कागद ओलाव्याने ताणला जातो. अमेरिकनांच्या प्रतीत रेघ दोन मिलिमीटर डावीकडे निघाली, आपल्या प्रतीत दोन मिलिमीटर उजवीकडे. त्यामुळे हॉलिस्टरसाहेबांना दिसलं की पूल रस्त्यासकट इंग्रजांना बहाल झाला, आणि थॉर्नीक्रॉफ्टसाहेबांना दिसलं की अमेरिकनांना. सहा दिवस जे काम कोणालाच नको होतं, ते दुसऱ्या दिवशी पहाटे दोघांनाही हवं झालं. दोन्हीकडचे पूल बांधणारे एकाच वेळी काठावर हजर. आपला सार्जंट डॉब्सन आणि त्यांचा लुंडग्रेन यांचं बोलणं आमच्या हवालदाराने ऐकलं, ते असं:

"काय रे, हा पूल तुमचा की आमचा?"

"माझ्या नकाशात तुमचा."

"आणि माझ्या नकाशात तुमचा. मग लेका, दुसऱ्याचा पूल बांधायला एवढ्या पहाटे उठलास?"

"आमच्या म्हाताऱ्याला तुमचा म्हातारा पुढे गेलेला बघवत नाही."

"आमच्याचंही तेच दुखणं. धर ते टोक."

दुपारी तीनला पूल उभा राहिला आणि रुग्णवाहिका पार झाल्या. त्यानंतर दोन्ही साहेबांच्या जीप आल्या आणि आधी कोण, यावर चाळीस मिनिटं पुलाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. जर्मन आदल्या दिवशीच निघून गेले होते. रोक्काव्हेर्नाचे नगराध्यक्ष दाढी करून, किल्ल्या घेऊन चौकात ताटकळत होते. शेवटी ते रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला शरण गेले. छायाचित्रकार अजून अलीकडेच होते. मग मात्र दोन्ही प्रती शेजारी शेजारी मांडण्यात आल्या, आणि या मोहिमेत प्रथमच दोन्ही साहेबांचं एकमत झालं: चूक नकाशावालीची. कर्नलसाहेबांनी मला एवढंच विचारलं, "बाई, चूक कागदाची की तुमची?" मी उत्तराला मुदत मागून घेतली.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची भाची,
हेस्टर

ता. क. – भूमापन खात्यातल्या तुमच्या एकतीस वर्षांना इथेही मान आहे. ओलाव्याने कागद दोन मिलिमीटर ताणला जाऊ शकतो, एवढं तुमच्या सहीने लिहून द्या. नर्सबाई दहा दिवसांनी परतणार आहेत, त्यांच्याच हाती द्या.

ता. क. २ – पलीकडे त्रेचाळीस जखमी होते. हा आकडा मी प्रती काढण्याआधी विचारून घेतला होता.

ता. क. ३ – कागद ताणला तर सगळीकडून ताणतो, नुसता पुलापाशी नाही, आणि दोन प्रतींत उलट दिशांना तर नाहीच, हे तुम्हीच मला शिकवलंत. तेवढं त्या पत्रात घालू नका.