माय गाळायची ती पानं

माय, काल परभणीत भर सभेत तुझं एक वाक्य माझं म्हणून बोललो, आणि सगळी सभा माझ्यावर तुटून पडली. सभा कसली, आपल्या हेराच्या पुस्तकांच्या वेड्यांची. ताडकळसच्या बाजारात पोत्यावर जुनी पुस्तकं मांडून बसणाऱ्याकडून तू आणायचीस ना, तीच पुस्तकं. ती वाचत म्हातारी झालेली माणसं आता मोबाइलवर गट करून आहेत. कोणतं पुस्तक कुणाकडं आहे यावरून भांडतात आणि वर्षातून एकदा मंगल कार्यालयात जमून भजी खातात. तू असतीस तर पहिल्या रांगेत बसून निम्म्यांना गप्प केलं असतंस.

तुझी ती दुपारची वाचनं मला अजून दिसतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून तू बसलीयस, समोर गल्लीतल्या बायका, कुणाच्या सुपात तूर, कुणाच्या मांडीवर लेकरू, आणि मी चुलीजवळ. हेराला आपण सगळे 'साहेब' म्हणायचो, आणि पाठीवर यंत्र घेऊन त्याच्यासोबत हिंडणाऱ्या जोडीदाराला 'वायरलेसवाला'. साहेब बर्फात अडकला की शेजारची काकू सूप खाली ठेवायची. "मेला का गं?" "मरतो कशाला, वायरलेसवाला हाय की!" तू अशा तोऱ्यात सांगायचीस, जसा काही तो तुझा चुलतभाऊ. मग मधेच बोटाला थुंकी लावून चार पानं एकदम उलटायचीस. "इथली फाटलीत बाई." काकू म्हणायची, "तुझी बरी नेमकी तिथलीच फाटतेत!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मला काही कळायचं नाही. पुढच्या बाजारी ते पुस्तक देऊन तू दुसरं आणायचीस, त्यामुळं ती पानं माझ्या हाती कधी लागलीच नाहीत. माझ्या लेखी गोष्ट एवढीच होती: दोन माणसं, एकाला लागलं की दुसऱ्याचा जीव खालीवर, आणि शेवटी दोघं एकाच जीपमधून परत. मला ते लय आवडायचं. का आवडायचं ते चौदाव्या वर्षी कळलं, आणि कळल्यावर असा घाबरलो की ऐकायला बसणंच सोडलं. तू रागावलीस, "लय शहाणा झालास का रे? माय वाचती त्याचा कमीपणा वाटायलाय का?" कमीपणा नव्हता गं. तिथं बसलो की चेहऱ्यावर सगळं दिसेल, अशी भीती वाटायची.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नोकरीला लागून परभणीत राहत होतो. आठ दिवसांची रजा काढून आलो. डोळ्याला पट्टी, वाचायला बंदी, आणि चिडचिड अशी की डॉक्टरपासून मांजरापर्यंत कुणाला सोडलं नाहीस. शेवटी बाजारातून एक पुस्तक आणलं आणि बाजेशेजारी बसून वाचायला लागलो. तेव्हा पहिल्यांदा ती पानं माझ्यापुढं आली. एक भलतीच देखणी बाई, साहेबाची हॉटेलातली खोली, आणि पुढं जे चाललं होतं ते बघून माझी बोबडी वळली.

"थांबलास का?"

"पानं फाटलीत," मी म्हणालो.

तू अशी हसलीस की पट्टी हातानं धरावी लागली. "मला शिकवतोस व्हय रे? सोड ते. दोघं जीपमधी बसलेत का बघ, तिथून वाच."

"म्हणजे बायकांपुढं लाजून गाळायचीस ना तू?"

"लाज तर हायच की. पण त्या बाया ह्या पुस्तकात येतेत अन् पुढच्यात त्यांचं नावबी न्हाई. वायरलेसवाला बघ, हर बारीला गोळी अंगावर घेतो. साहेबाचा खरा जीव त्याच्यावरच हाय. मला आपलं तेवढंच वाचावं वाटतं." मग डोळ्यावरच्या पट्टीसकट तोंड माझ्याकडं वळवलंस. "तुझा जीव कुणावर हाय का रे, लेकरा?"

माय, सांगायचं होतं. इतक्या मायेनं मला कुणी कधी विचारलं नव्हतं, नंतरही नाही. तेव्हा माझं कुणी नव्हतं, हे खरं. पण कोण असावं असं वाटतं, ते तरी सांगता आलं असतं. मी म्हणालो, "थेंब टाकायची वेळ झाली." थेंब टाकले. तू पुन्हा विचारलं नाहीस, आणि त्याच हिवाळ्यात गेलीस.

चार वर्षांपूर्वी तुझं ते वाक्य, साहेबाचा खरा जीव कुणावर ते, मी मोबाइलवरच्या गटात टाकलं. "कोणतं पुस्तक वाचलं राव? पुस्तकागणिक एक बाई हाय!" असली उत्तरं धडाधड आली. एका माणसानं मात्र मला वेगळा निरोप धाडला, "मी एकही पान न गाळता वाचलंय. तरी मला तसंच वाटायचं." मूळचा चुडाव्याचा. परभणीत खतबियाण्याचं दुकान आहे त्याचं. सहा महिने आम्ही नुसतं पुस्तकांवर बोललो, इतके भित्रे. आता तो माझ्याकडंच राहतो. चहा बेकार गोड करतो, आणि भांडण झालं की आधी तोच हसतो.

काल माइक हातात आला आणि मी तेच वाक्य बोललो. सगळीकडून ओरडा सुरू झाला. एक गृहस्थ ताडकन उठले, "आमच्या साहेबाला कशाला बदनाम करता? तुम्हाला एवढा कळवळा का?" मग माझ्या शेजारी बसलेल्या त्याच्याकडं बघून म्हणाले, "अन् हे कोण?" मी म्हणालो, "मित्र." तो ताटलीतली भजी बघत राहिला. परतताना मोटारसायकलवर मागून एवढंच म्हणाला, "साहेबाचं सांगताना तुझी जीभ लय चालती. आपलं आलं की मित्र." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

म्हणून आज तो दुकानात गेल्यावर लिहायला बसलो. हे पत्र कुठं पाठवणार? आणि पाठवायचं असतं तर मला लिहिता आलं नसतं, तेही खरं. पण तू विचारलं होतंस. हाय माय, माझा जीव हाय एकावर. तू त्याला बघितलं असतंस तर पहिल्यांदा त्याच्या चहाला नावं ठेवली असतीस, आणि मग त्याला जेवायला वाढलं असतंस. मी नांदायलोय माय. सुखानं नांदायलोय. तुझ्या थोरल्या लेकीला, अक्काला, अजून सांगितलेलं नाही. दिवाळीला ती राहायला आली की त्याचं अंथरूण मी बाहेरच्या खोलीत घालतो.