खोक्यावरचा शब्द

गुरुजी, आज मी फार खुशीत आहे, आणि ही खुशी तुमच्यावर सूड उगवल्याची आहे, म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही जाऊन चाळीसेक वर्षं झाली, पण ते खोकं मला अजून दिसतं. पिंपळे गुरवच्या आपल्या शाळेत टेबल नव्हतं. देहूरोडच्या लष्करी डेपोतलं लाकडी खोकं उपडं घालून तुम्ही त्यावर हजेरी ठेवायचात. त्यावर काळ्या शाईत एक इंग्रजी शब्द. सारवण आम्हा मुलींकडे, त्यामुळे रोज ते खोकं उचलायचं नि पुसायचं माझ्याच वाट्याला. सन चोपन्न-पंचावन्न असेल, मी चौथीत. भर वर्गात उभी राहते नि विचारते, "गुरुजी, ह्ये काय लिवलंय?" तुम्ही खोक्याकडे बघता, मग माझ्याकडे. "आधी नीट सारवायला शीक." पोरं हसतात. हातावर दोन पट्ट्या. संध्याकाळी आमच्या ओट्यावर चहा पिऊन वडिलांना म्हणालात, "पोरगी तोंडाळ आहे. घरीच राखा, त्यातच तिचं भलं." दुसऱ्या दिवशी माझी पाटी धाकट्या भावाला गेली आणि मी गोफण घेऊन ज्वारीच्या राखणीला. शाळा संपली ती संपलीच.

तर आता ऐका. माझी नात चाकणला कंपनीत इंग्रजीचं स्पॅनिश करते. सून म्हणते, कुठून ही भाषा काढली. पण सुनेला सगळंच कुठून तरी काढलेलं वाटतं, ते राहू दे. मशीनवर चिकटवायच्या पट्टीवर तिचा शब्द अडला. तिने लॅपटॉपवर दाखवला नि मी अक्षरं ओळखली, तुमच्या खोक्यावरचीच. इंग्रजी येत नाही मला, पण रोज पुसलेलं विसरेन कशी?

"प्रोटेक्शन. म्हणजे राखण गं आजी. स्पॅनिशमध्ये दोन शब्द आहेत, कुठला घालू?"

"मशीनला काय लावलंय?"

"जाळी. हात आत जाऊ नये म्हणून."

"मग ती राखण न्हाई, कुंपण हाय. राखणीला माणूस उभा ऱ्हातो. कुंपण घातलं की तो घरी जातो. मी उभी व्हते, मला इचार."

तिने राखणीचा 'प्रोतेक्सिओन' खोडून कुंपणाचा 'रेसग्वार्दो' लिहिला. तिकडचा साहेब म्हणाला, हाच बरोबर. त्यातली एक पट्टी मी मागून घेतली.

काल शाळेत जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. भिंतीवर हार घातलेला तुमचा फोटो. मी खुर्चीवर चढले आणि ती पट्टी काचेवर, नेमकी तुमच्या तोंडावर चिकटवली. बाई धावत आल्या, "आजी, हे काय करताय?"

"कुंपण घातलं," म्हटलं. "आता बोलायचे न्हाईत."

हे पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवीन, तुम्हाला कुठून धाडू? पण एक सांगायचं राहिलं. तो शब्द मला त्या दिवशी ठाऊक होता. मामा डेपोत हमाल होता, त्याने आदल्या दिवशीच सांगितलेला. तुम्हाला इंग्रजी येत नाही, हेही त्यानेच सांगितलं. म्हणून तर मी वर्गात विचारलं.