तळ्यावरचा स्वेटर

अंबरनाथ,
जानेवारी १९५५

प्रिय विठा,

सुतक आहे म्हणून वर श्री घातली नाही. अण्णा गेले आणि घरची एकुलती सून असून मी आले नाही, याची गावात चर्चा चालली असेल. तुला सांगायला नको, मला नववा लागलाय आणि बैलगाडीच्या रस्त्याला डॉक्टर साफ नाही म्हणाले. तिकडचं सगळं तुझा दादा करतोय, तू आहेस, आणि मी इथे खोलीत बसून नुसती अण्णांना आठवते. मला बघायला आले तेव्हा ते म्हणाले होते, पोरगी बोलते फार, पण घर जागं राहील. तेवढ्यावर मी तुमच्या घरात आले.

हे पत्र कोंडाजीबरोबर देते आहे. तो भेटायला येतोय. एकटी असताना वाच, दादासमोर नको. कोंडाजी तुझ्या दादाबरोबर तळ्यावर कामाला होता. तळं म्हणजे लाकडाच्या कारखान्याचा मोठा हौद. ओंडके तडकू नयेत म्हणून पाण्यात ठेवतात, आणि माणसांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ते आकडीनं काठाला ओढायचे. उन्हाळ्यात कुणाला हेवा वाटेल असं काम. पण या दिवसांत सकाळी उतरलं की पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही, असं हे सांगतात आणि वर हसतात. कोंडाजीही असाच हसायचा. गेल्या थंडीत न्यूमोनियानं पडला. वाचला, पण आता चार पायऱ्या चढला की मधेच बसतो. तू बघशीलच.

त्यानंतर साहेबांनी तळ्यावरच्या प्रत्येकाला लोकरीचा स्वेटर दिला. काठावर शेगडी ठेवली, गुळाचा चहा सुरू केला. पाण्यातून वर आलं की अंग पुसायचं, स्वेटर घालायचा, आणि ऊब आल्याशिवाय पुन्हा उतरायचं नाही, असा नियम केला. एवढी चांगली गोष्ट आपल्या माणसांच्या पचनी पडेल तर ना. म्हातारा बाप उघड्या अंगानं शेकोटीपाशी बसलाय आणि मुलानं नवी लोकर घालून मिरवायचं? दिवाळीला निम्मे स्वेटर गावोगावी गेले. आपलाही बारवीकाठी गावाला, अण्णांकडे गेला. साहेबांनी विचारलं की सगळ्यांचे धुवायला टाकलेले. इतके स्वच्छ कामगार त्यांनी जन्मात पाहिले नसतील.

आणि अण्णांनी तरी तो घातला का? तूच सांगितलंस, बाजाराच्या दिवशी तेवढा अंगात. येईल त्याला हात लावून बघायला सांगायचे, माझ्या भगवंताच्या कंपनीचा म्हणायचे, आणि घरी आले की घडी करून उशाशी. इकडे त्यांचा भगवंत ओल्या अंगावर सदरा ओढून पुन्हा पाण्यात. मला राग येतो, विठा. गेलेल्या माणसावर रागावू नये, पण येतो. यांचा त्याहून जास्त येतो. मार्गशीर्षात खोकला लागला तो गेलाच नाही. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, उजवी बाजू चांगली नाही, आता गारठा लागला तर कोंडाजीसारखं होईल, आणि दर वेळी माणूस वाचतोच असं नाही. हे यांनी मला सांगितलं नाही, कोंडाजीनं सांगितलं. कारखाना एवढ्यात दुसरा स्वेटर द्यायचा नाही. विकत घेण्याचं नाव काढलं की बाळंतपण तोंडावर आलंय म्हणून हे मला गप्प करतात.

आता कशासाठी लिहिते ते सांगते. तेराव्याला तुम्ही अण्णांचे कपडे देऊन टाकाल. त्या गाठोड्यातून तेवढा स्वेटर काढ आणि कोंडाजीच्या पिशवीत घाल. गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवत नाहीत, मुलानं तर ते अंगाला लावायचंच नाही, हे मला माहीत आहे. पोटात मूल असताना मी हे मागते आहे, मलाही भीती वाटते. पण तळ्याची भीती त्याहून मोठी आहे. निर्वासितांच्या कॅम्पातली सिंधी हरीबाई आपल्याकडे पापड विकायला येते, ती विणते छान. म्हणाली, उसवून दे दो भाभी, रंग डालके नया बना दूँगी. यांना सांगेन, हरीबाईनं जुन्या लोकरीचा करून दिला. ते काही खोटं नाही. अण्णांच्या कानावर नुसतं घातलं असतं ना, तर त्यांनी अंगातला काढून दिला असता. पण अण्णांना काही कळवायचं नाही, अशी यांनी मला शपथ घातली होती. तुझा बाप गेलाय आणि मी त्याची वस्तू मागते आहे, हेही कळतं मला. तुला अण्णांचं काही जवळ ठेवायचं असेल तर दोन्ही बाह्या उसवून ठेवून घे. बिनबाह्यांचा चालेल. छाती झाकली म्हणजे झालं.

तुझीच,
अंजनी वहिनी