सासूबाईंचं आमेन

प्रिय धाकटे,

रविवारी तू आलीस, आपल्या सासूबाईंच्या उशाशी बसून प्रार्थना केलीस आणि त्यांचे डोळे भरून आले. "हिच्या तोंडून प्रभू बोलतो," म्हणाल्या. मी तेव्हा मोरीत त्यांची चादर धूत होते. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला. दोन वर्षं त्यांचं अंथरुणातलं सगळं मी करते, पण मला चारचौघांत प्रार्थना जमत नाही.

आज त्या घासच घेईनात. मी वैतागून म्हटलं, "देवा, यांच्या पोटात दोन घास जाऊ देत, मी दमले रे!"

त्या हसल्या, "आमेन" म्हणाल्या आणि वाटी संपवली.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुला कळलं, तर तू याचीही सुंदर प्रार्थना करशील. ते आमेन मला एकटीला हवंय.

तुझी थोरली जाऊ