खडूची फुली

प्रिय मिस्त्री,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू आधी वहिनींकडे बघितलं असशील. पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहणारा माणूस पत्र पाठवतो म्हणजे एकतर त्याचं डोकं फिरलंय, नाहीतर त्याला समोर यायची लाज वाटतेय. दुसरं खरं आहे. फोन तू उचलला नसतास. पत्र मात्र तू वाचशील, कारण आलेला कागद न वाचता ठेवणं तुझ्या स्वभावात नाही. आपल्या कारखान्यातून शिडीसोबत जाणारं सूचनापत्रक अख्ख्या जगात फक्त तू वाचत होतास.

तू काम सोडून गेल्याला आठ महिने झाले. कारखाना चालू आहे. रंधा मशीन मध्येच रुसतं. तू त्याला काय म्हणून समजावत होतास कोण जाणे, आमचं ते ऐकत नाही. नवा तपासनीस आलाय. माणूस सरळ आहे, पण आवाज ऐकायला शिडीच्या पायरीवर हातोडा असा मारतो की वाटावं, झोपलेल्या सासऱ्याला उठवायचंय आणि त्याला राग तर यायला नको. बायको अजूनही चहाला एक कप जास्त टाकते आणि मग माझ्याकडे असं बघते की तो कप मुकाट्याने मीच पितो.

गेल्या आठवड्यात तुला माझ्या वकिलांचा कागद मिळाला असेल. त्यात लिहिलंय की तू आमचा नोकर नव्हतासच. शिड्या तपासायचं काम घेणारा तू एक स्वतंत्र कंत्राटदार होतास, आणि आपल्या शिडीची पायरी मोडून रंगारी पडला त्याची जबाबदारी तुझ्यावर येते. मजकूर त्यांचा आहे, पण खाली सही माझी आहे. एकोणीस वर्षं तू सकाळी आठला कारखान्याचं कुलूप उघडलंस, संध्याकाळी सहाला लावलंस, माझ्या घरची किल्लीसुद्धा तुझ्या खिशात होती, आणि मी लिहून दिलं की हा बाहेरचा माणूस.

हे सुचलं कसं तेही सांगतो. वकीलसाहेबांनी तुझं नेमणूकपत्र मागितलं. मी म्हटलं, नाही, कधी दिलंच नाही. कागद नाही म्हटल्यावर एवढा खूश झालेला वकील मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणाले, छोट्या धंद्यात लोक नेहमी कागद नसल्यामुळे बुडतात, तुम्ही मात्र तरणार. तेव्हा मला आठवलं, तुला भाड्याच्या घरासाठी कुठे नोकरी करतो त्याचा दाखला हवा होता आणि मी हसण्यावारी नेलं होतं. आपल्यात कसला कागद, म्हणालो होतो. मला ते प्रेम वाटलं होतं. प्रेम होतंच रे, पण सोयीचं होतं. कागद दिला की रजा द्यावी लागते, बोट कापलं तर भरपाई द्यावी लागते. एवढं मला तेव्हाही कळत होतं.

त्या रंगाऱ्याला भेटायला जाऊन आलो. वकिलांनी बजावून नको सांगितलं होतं, म्हणून शेजारच्या गल्लीत स्कूटर लावून चालत गेलो. त्याची टाच जोडलीय, पण शिडी चढणं बंद. स्टुलावर बसून हात पोचेल तेवढी भिंत रंगवतो. म्हणाला, वरची अर्धी भिंत आता बायकोची, आणि ती माझ्यापेक्षा सफाईने रंगवते, हे जास्त दुखतं. आम्ही दोघंही हसलो. मग त्याने साधंच विचारलं, शिडी तपासली होती ना? मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते. तपासली होती, तूच तपासली होतीस. पण पूर्ण खरंही नव्हतं.

आता त्या दिवसाबद्दल. आपण दोघं आणि कारखान्यातली पोरं सोडून हे कुणाला नीट माहीत नाही. शाळेच्या रंगकामासाठी बारा शिड्या जायच्या होत्या. टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवणारा. तू एका शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर खडूने फुली मारून ती भिंतीला उभी केलीस. म्हणालास, ही भद्द वाजतेय, आत लाकडाची गाठ सुटलीय. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली, कारण लाकूड ऐकावं तर शेठने, अशी माझी ख्याती. वखारीत काम करत असल्यापासून मी त्या कानांवर भाकरी खाल्ली आणि तुलाही ऐकायला शिकवलं. मी हातोडा घेतला, मारला आणि म्हटलं, खणखणीत आहे. तू हळूच म्हणालास, “शेठ, पुन्हा एकदा ऐका.” मी पुन्हा ऐकलं नाही. बाहीने फुली पुसली, शिडी टेम्पोत चढवली आणि रजिस्टर तुझ्यापुढे सरकवलं. तू माझ्याकडे क्षणभर बघितलंस आणि सही केलीस. चारचौघांत माझा शब्द खाली पडू नये म्हणून केलीस, हे मला त्याच वेळी कळलं होतं.

आणि महिन्याभरात तीच पायरी मोडून रंगारी पडला, त्या दिवशी ऑफिसचं दार लावून मी तुला काय म्हणालो? “रजिस्टरवर सही तुझी आहे.” तू एप्रन काढून खुर्चीवर ठेवलास आणि गेलास. फुलीचं नाव काढलं नाहीस, तेव्हा नाही आणि नंतरही कुणाजवळ नाही.

नंतर बायकोने मला कानाच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. दारावरची बेल मी दोन वर्षं ऐकली नव्हती म्हणे. मला वाटायचं, लोक यायचे कमी झालेत. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाले. मी तपासणी सुरू व्हायची वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी दार उघडलं आणि सांगितलं, झाली. जाड आवाज मला ऐकू येतात, बारीक जातात. आणि मिस्त्री, चांगली पायरी आणि फुटकी पायरी यांच्यातला फरक सगळा त्या बारकाव्यातच असतो. त्या दिवशी मी ऐकलंच नव्हतं. ऐकू येत नाही, एवढं कबूल करायला मला जड गेलं आणि त्यापायी एका माणसाची टाच गेली.

आता कानात यंत्र आहे, केसांखाली दिसत नाही. वकीलसाहेबांना तर ठाऊकच नाही, त्यांच्या लेखी मी अजून बहिराच. परवा मी त्यांच्यासमोर बसलेला असताना ते तोंड वळवून सहायकाला म्हणाले, “त्या मिस्त्रीला वकील परवडणार नाही. पहिल्या तारखेलाच गळून जाईल. रजिस्टरवर सही असलेल्या माणसाला मग सुरक्षेच्या कामावर कोण ठेवतंय?” मग माझ्याकडे वळून मोठ्याने विचारलं, चहा घेणार ना? मी घेतला. इमारतींना परांची बांधणाऱ्या कंपनीत तू तपासनीस म्हणून लागलास हे मला माहीत होतं. ती नोकरीही जाणार, हे मात्र तिथे कळलं. तुझं नाव म्हणजे तुझा कान आणि तुझी सही, बाकी तुझ्याजवळ आहे काय? आणि तेच मी मोडायला निघालो होतो.

निघताना वकिलांनी पुन्हा बजावलं, कुणाला एक ओळही लिहून देऊ नका, माफी तर मुळीच नाही, कोर्टात माफी म्हणजे कबुली. म्हणून हे पत्र लिहिलं. तू त्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून माझा पगारी माणूस होतास. ती शिडी तू नाकारली होतीस, मी फुली पुसली, आणि तुझ्याकडून सही मी घेतली. माझी चूक होती आणि मी तुझी माफी मागतो. प्रत्येक पानावर माझी सही, तारीख आणि कारखान्याचा शिक्का आहे. अशीच एक प्रत रंगाऱ्याकडे गेली आहे आणि एक विमा कंपनीकडे. ते वाचून विमावाले भरपाईतून हात वर करतील, असं वाटतं. कारखाना राहील ना, असं बायकोने विचारलं. माहीत नाही म्हटलं. तिने इथवरचं पत्र वाचलं आणि पाकिटांवर तिकिटं स्वतः चिकटवली. तेव्हा हे घरात जपून ठेवू नकोस. उद्या सकाळी चांगला वकील गाठ आणि त्याच्या हातात दे. कोर्टाच्या तारखेला मी येईन. हे पत्र कुणाचं म्हणून विचारलं की उभा राहीन. तुला काही बोलावं लागणार नाही.

तुझाच,
शेठ