दुसऱ्याने घातलेलं अंथरूण

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. मनगटाला पट्टा आता फक्त कामावर बांधते, तेव्हा काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे ते मात्र खरं कळव.

दहा दिवसांची सुट्टी मिळाली. या वेळी आखणी फोनमधल्या एआयला सांगितली. नेहमीची यादी दिली: तुला डॉक्टरकडे नेणं, तुंबलेली मोरी, मावशीची भेट, दादाच्या घरचे पडदे. त्याने दहाही दिवस मुकाट्याने भरून दिले आणि खाली विचारलं, "यात सुट्टीचा दिवस कोणता धरू?"

मला रागच आला. आता यंत्राने मला शहाणपण शिकवायचं? पण यादी पुन्हा वाचून काढली.

मग मीही हट्टाला पेटले. डॉक्टर तेवढा ठेवला, बाकी यादी पुसली आणि लिहिलं: समुद्राकाठी चार दिवस, आम्ही मायलेकी, पायऱ्या नकोत. त्याने पहाटे पाचला उठून सूर्योदय बघणं घातलं होतं, तेही काढायला लावलं.

दादा म्हणेल, या वयात आईला दगदग कशाला. त्याला सांग, मोरी तू बघ. पडदे शिवता येत नसतील तर उघड्या खिडक्यांनी राहा.

अकरा वर्षं मी हॉटेलात रोज सोळा खोल्यांची अंथरुणं घालतेय. तू तर जन्मभर घातलीस. त्या चार दिवसांत मात्र सकाळी उठल्यावर चादरीला हात लावायचा नाही. चुरगळलेली तशीच टाकायची आणि समुद्रावर जायचं.

बॅग भरून ठेव. नाही म्हणालीस तरी न्यायला येणार आहे.

तुझ्याच वळणावर गेलेली,
थोरली